ठिणगीची जबानी

भोसरीपासून मोशीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या मुलखात ज्या ओतशाळा आहेत, त्यांपैकी कोणत्याही बऱ्या ओतशाळेत भट्टीतला रस साच्यांत ओतण्यापूर्वी एक लहानसा विधी पार पाडावा लागतो. पळीभर रस तांब्याच्या साच्यात घालून त्याची एक चकती काढतात, तिला सगळे ‘कॉइन’ म्हणतात. ती थंड करून, तिचे एक अंग घासून सपाट करतात आणि प्रयोगशाळेतील यंत्राच्या तोंडावर पालथी ठेवून कळ दाबतात. आत ठिणग्यांची तडतड होते, आणि मिनिटभराच्या आत पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण दशांशचिन्हापुढच्या आकड्यांसह उमटते. त्या आकड्यांचा दाखला मिळाल्यावाचून ती ‘हीट’ पुढे रवाना होत नाही, मग बाहेर मालवाहू गाडी उभी असो की तिसऱ्या पाळीचा मुकादम घड्याळाकडे पाहत असो. यंत्राचे पूर्ण नाव लांबलचक आहे. व्यवहारात त्याला ‘स्पेक्ट्रो’ एवढेच म्हणतात.

या यंत्राने धातू विरघळवलेला नसतो की तोललेला नसतो. ठिणगीने चकतीवरचा कणभर धातू वाफेत जातो, ती वाफ प्रकाशते, आणि त्या प्रकाशाचे पृथक्करण केले असता प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रेषांवर साक्ष देते. कार्बन, गंधक आणि फॉस्फरस यांच्या उपयुक्त रेषा अतिनील प्रदेशात, २०० नॅनोमीटरच्याही खाली पडतात. तेवढा प्रकाश हवा गिळून टाकते, म्हणून ठिणगीच्या जागी आर्गॉन वायूचा झोत सोडून हवेला हुसकून लावावे लागते. गोलाकार ग्राफाइटच्या बिडाचे, म्हणजे ‘एसजी आयर्न’चे काम असेल तर मॅग्नेशियमवर विशेष लक्ष असते, कारण रसात मिसळलेले मॅग्नेशियम मिनिटागणिक ओसरते आणि ओतकामास उशीर झाला तर साऱ्या ओतीवांचा दर्जा बिघडतो. दुरून आलेल्या उजेडावरून द्रव्याची ओळख पटवायची, त्या उजेडाच्या वाटेत हवेने घातलेला अडथळा ओळखायचा, आणि ओसरणाऱ्या गोष्टीची नोंद ती ओसरण्यापूर्वी करायची, ही तीन कामे या पट्ट्यात रात्रंदिवस चालतात. पुणे-नाशिक रस्त्याने आणखी उत्तरेस गेल्यावर घोडेगावजवळच्या गिरवलीच्या डोंगरावर आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या माळावर आकाश न्याहाळणाऱ्या दुर्बिणींचे जे काम चालते ते तत्त्वतः याहून निराळे नाही. फरक इतकाच की तेथे चकती यंत्रावर आणून ठेवता येत नाही.

आकाशातील उजेड वाचण्याच्या विद्येतही ठिणगी आरंभीच आली. विल्यम हगिन्स हा लंडनचा एक कापडाचा व्यापारी. आपला व्यवसाय विकून टाकून त्याने टल्स हिल येथील राहत्या घरी वेधशाळा थाटली आणि दुर्बिणीच्या शेजारी विद्युत् ठिणगी पाडण्याची सामग्री मांडली. १८६६ च्या मे महिन्यात उत्तर मुकुट या तारकासमूहात एक नवतारा एकाएकी उजळला, तेव्हा हगिन्स व त्याचा सहकारी रसायनज्ञ मिलर यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा ओळखल्या. नवताऱ्याच्या वर्णपटाचे हे पहिले वाचन होय. पुढे दोनच वर्षांनी, १८६८ च्या जूनमध्ये, विनेके याच्या धूमकेतूच्या प्रकाशात जे पट्टे दिसले ते एथिलीन वायूतून पाडलेल्या ठिणगीच्या पट्ट्यांशी त्याने एकाच दृष्टिक्षेपात ताडून पाहिले, आणि ते तंतोतंत जुळले. धूमकेतूत कार्बन आहे हे त्या दिवशी सिद्ध झाले. नवतारा आणि धूमकेतू यांची जबानी एकाच माणसाने, एकाच ओट्यावर, एकाच उपकरणाने घेतली, ही गोष्ट खगोलशास्त्राच्या इतिहासग्रंथांत असावी तितकी ठळक आढळत नाही.

हगिन्सने जुळवलेले पट्टे दोन कार्बन अणूंच्या जोडीचे आहेत. ते पूर्वी विल्यम स्वॉन याने ज्योतीत पाहिले होते म्हणून त्यांना स्वॉनचे पट्टे म्हणतात. त्यांपैकी मुख्य ५१६ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात पडतो, आणि अनेक धूमकेतूंच्या शिराला जी पाचूसारखी छटा असते ती त्याचीच. ती छटा शिराला असते, शेपटीला कधीच नसते. सूर्यप्रकाशच ही कार्बनची जोडी फोडून टाकतो, त्यामुळे ती शेपटीपर्यंत टिकत नाही, असे अनुमान हर्झबर्ग याने १९३० च्या दशकात केले होते. प्रयोगशाळेत त्याची प्रत्यक्ष सिद्धता मात्र २०२१ साली ऑस्ट्रेलियात झाली. याखेरीज ३८८ नॅनोमीटरवर सायनोजेनचा जांभळा पट्टा असतो. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूत हा पट्टा आढळला आणि पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार हे प्रसिद्ध झाले, तेव्हा विषारी वायूच्या धास्तीने पाश्चात्य शहरांत गोळ्या आणि मुखवटे विकले गेले. शेपटी इतकी विरळ असते की तिच्यातून पृथ्वी गेली काय आणि न गेली काय, सारखेच. परंतु भीती विकण्यास विरळपणाची अडचण येत नाही.

आपल्याकडेही केतूंची दहशत जुनीच. वराहमिहिराने बृहत्संहितेतील केतुचाराच्या अध्यायात गर्ग, पराशर, असित आणि देवल यांची मते सांगताना आरंभीच एक प्रामाणिक कबुली दिली आहे: केतूंचा उदयास्त गणिताने जाणता येत नाही. त्यानंतर फलश्रुती सविस्तर येते, पण ती कबुली मला अधिक मोलाची वाटते. मराठी बखरींतले उदाहरण तर सर्वपरिचित आहे. सभासदाने शिवछत्रपतींच्या निर्वाणाच्या दिवशी भूकंप, उल्कापात आणि धूमकेतूचा उदय एकत्र सांगितला आहे. महाराजांचे निधन एप्रिल १६८० मधले. आणि त्या वर्षीचा जो महान धूमकेतू साऱ्या जगाने पाहिला तो गॉटफ्रीड किर्श याला दुर्बिणीतून दिसला नोव्हेंबरात, म्हणजे सुमारे सात महिन्यांनंतर. दशकाहून अधिक काळाने जिंजीस बसून लिहिणाऱ्या बखरकाराच्या मनात शोक आणि आकाश एकाच तिथीला येऊन बसले असावेत, असा माझा तर्क आहे. त्याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. तारखांचे दप्तर सांभाळणे हा त्याचा हेतूच नव्हता.

आज धूमकेतूंचे वर्गीकरण शुभाशुभावरून होत नाही, रसायनावरून होते. माइकल अहर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ८५ धूमकेतूंच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांचे दोन गट पडले: बहुतेकांत सायनोजेनच्या मानाने कार्बनची जोडी नेहमीच्या प्रमाणात होती, आणि काहींत, विशेषतः गुरूच्या प्रभावाखाली अल्पमुदतीच्या कक्षांत फिरणाऱ्यांपैकी काहींत, ती लक्षणीयरीत्या कमी होती. जन्मस्थानातला हा फरक साडेचार अब्ज वर्षे बर्फात जपला गेला असावा, असे मानतात. गिरवलीच्या दुर्बिणीचा हातभार या शास्त्राच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे धुळीच्या अभ्यासाला लागला: आसामातील संशोधकांनी २०१२ साली गॅरॅड धूमकेतूच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण तेथून मोजले, कारण धूलिकणावरून परावर्तित झालेला प्रकाश कोणत्या दिशेने किती ध्रुवित होतो यावरून त्या कणांच्या आकाराचा आणि घडणीचा अंदाज बांधता येतो. रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूभोवती फिरून त्याच्या वायूत ग्लायसीन हे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस शोधला, तेव्हा तर कॉइनवरची मूलद्रव्यांची यादी आणि धूमकेतूची यादी एकमेकींत मिसळू लागली.

येथून जयंत नारळीकरांचे नाव अपरिहार्यपणे येते. धूमकेतूंतून जीवसृष्टीचे बीज पृथ्वीवर आले असावे हा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचा पक्ष. नारळीकरांनी त्यावर वादंग घालीत न बसता हैदराबादहून २००१ साली बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले. २००५ च्या दुसऱ्या उड्डाणातल्या नमुन्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा त्या अभ्यासात भाग होता, आणि एका जातीस हॉईलच्या स्मरणार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉयलाय’ असे नाव देण्यात आले. ते जीवाणू वरून खाली आले की खालून वर गेले, हा निवाडा त्या प्रयोगाने होत नाही, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे खालून वर गेल्याचा संभव अधिक आहे. तथापि आपल्या आवडत्या सिद्धांतालाही नमुन्याच्या कुपीपुढे उभे करण्याची ही रीत अनुकरणीय खरीच.

पुण्यात ही रीत त्यांच्याही शंभर वर्षे आधी रुजली होती. कावसजी दादाभाई नायगांवाला हे पारशी गृहस्थ सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, अध्यापक होते. भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी १८८२ साली ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण हिंदुस्थानात त्या काळी सर्वांत मोठी होती. नॉर्मन लॉकयर याने त्या सुमारास असा सिद्धांत मांडला होता की आकाशातील तेजोमेघ हे उल्कांच्या टकरींतून तापलेले थवे आहेत, आणि त्यांच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा ही वस्तुतः मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. पट्टा असेल तर तो एका बाजूला विरत जाईल. रेषा असेल तर ती दोन्ही बाजूंनी सारखीच धारदार दिसेल. नायगांवालांनी मृगातील तेजोमेघाच्या त्या रेषेचे पुण्याहून वारंवार निरीक्षण केले आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तिचा निर्वाळा दिला: रेषा धारदार आहे, पट्ट्याचे लक्षण तिच्यात नाही. साम्राज्याच्या राजधानीतील एका मातब्बर शास्त्रज्ञाविरुद्ध मुठेकाठच्या वेधशाळेने दिलेली ही साक्ष टिकली. मग ती रेषा कशाची, हे आयरा बोवेन याने १९२७ साली उलगडले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची, आणि तीही इतक्या विरळ अवस्थेतील की तशी विरळता पृथ्वीवरच्या कोणत्याही नळीत सहसा साधत नाही. १९१२ साली नायगांवाला निवृत्त होताच सरकारने वेधशाळा बरखास्त केली आणि सामग्री कोडाईकनालला धाडली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संस्थाही संपते, ही आपल्याकडची जुनी खोड.

त्या हिरव्या रेषेचा नवताऱ्याशी निकटचा संबंध आहे. नवतारा म्हणजे नवा तारा नव्हेच. एका श्वेतबटू ताऱ्यावर त्याच्या जोडीदाराकडून हायड्रोजन साचत राहतो, थराचा दाब आणि तापमान वाढत जाते, आणि एके दिवशी तळाशी अणुकेंद्रीय ज्वलन पेटून तो थर भिरकावला जातो. उजळण्याचे काम काही तासांत किंवा दिवसांत उरकते. ओसरण्यास मात्र आठवडे, महिने, कधी वर्षे लागतात, आणि शास्त्राचा बहुतेक सारा ऐवज या ओसरण्यात असतो. कवच पसरत आणि विरळ होत जाते तसतसे वर्णपटाचे रूप पालटते: आधी हायड्रोजन आणि लोखंडाच्या रेषा, मग हेलियम आणि नायट्रोजन, आणि शेवटी, तेज पुष्कळसे उतरल्यावर, नायगांवालांनी पाहिलेली तीच प्राणवायूची रेषा सर्वांवर मात करते. नवतारा त्या वेळी वर्णपटापुरता तेजोमेघ झालेला असतो.

नायगांवालांचा दुसरा मोठा वेध २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. लॉकयर त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गावर होता. (विजयदुर्गाचे ‘साहेबांचे ओटे’ दाखवून तेथेच १८६८ साली लॉकयरने हेलियम शोधला असे हौसेने सांगितले जाते. १८६८ चे त्याचे निरीक्षण इंग्लंडातले होते. ओट्यांचा संबंध १८९८ शी. किल्ल्याचे वैभव त्यावाचूनही उणे पडत नाही.) ग्रहणात दिसणाऱ्या प्रभामंडलाच्या वर्णपटात ५३० नॅनोमीटरवर एक हिरवी रेषा येते, जिचे कूळ त्या काळी कोणास ठाऊक नव्हते आणि जिच्यासाठी ‘कोरोनियम’ नावाचे एक मूलद्रव्यही कल्पिले गेले होते. १९३३ साली भुजंगधारीतील आरएस ऑफियुकी या नवताऱ्याचा स्फोट झाला, तेव्हा अॅडम्स आणि जॉय यांना तीच रेषा त्याच्या वर्णपटात सापडली. आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या एड्लेन याने सिद्ध केले की ते कोरोनियम वगैरे काही नसून तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड आहे. ज्या लोखंडाच्या चकत्या भोसरीत ठिणगीखाली जातात तेच लोखंड दहा-वीस लक्ष अंशांना तापवले की असे बोलते.

आरएस ऑफियुकी हा वारंवार भडकणारा तारा. १८९८ चा त्याचा स्फोट विल्यमिना फ्लेमिंग हिला हार्वर्डच्या जुन्या छायाचित्र-काचा तपासताना मागाहून सापडला. नंतर १९३३, १९५८, १९६७, १९८५ असे स्फोट नोंदले गेले, आणि १२ फेब्रुवारी २००६ रोजी तो पुन्हा भडकला. या खेपेस खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, सज्ज होती. निमिषा कंठारिया, जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटाच्या विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर त्याचे प्रारण टिपले; इतक्या कमी कंपनसंख्येवर त्या ताऱ्याचा स्फोट पूर्वी कधी आढळला नव्हता. १९८५ साली सहासष्टाव्या दिवशीही तितक्या कमी कंपनसंख्येवर काही मिळाले नव्हते. तारा तोच, स्फोटही बहुधा तसाच. मग भेद कशाचा? शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वारा त्या प्रारणाला शोषून घेतो, आणि २००६ साली तो वारा १९८५ च्या मानाने सुमारे तीस टक्केच दाट होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्पेक्ट्रोतल्या हवेप्रमाणे येथेही मधला पडदाच मोजला गेला. याच दुर्बिणीने त्यापूर्वी, १९०१ साली ययातीत चमकून गेलेल्या नवताऱ्याचे शतकानंतरचे अवशेषही धुंडाळले होते. आरएस ऑफियुकीचा पुढचा स्फोट ८ ऑगस्ट २०२१ रोजी झाला, म्हणजे सह्याद्रीवर ढगांचे छत असताना. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी मिटलेल्या होत्या, खोडदच्या तबकड्यांना पावसाची अडचण नव्हती, आणि तो स्फोटही त्यांच्या दप्तरी दाखल झाला.

हगिन्सच्या ओट्यावर एकत्र आलेले धूमकेतू आणि नवतारे रसायनातही एकदा भेटले, ही मला या साऱ्या कथेतील सर्वांत रम्य जागा वाटते. १९३४ च्या डिसेंबरात शौरीत उजळलेल्या नवताऱ्याच्या वर्णपटात सायनोजेनचे पट्टे दिसले, आणि काही महिन्यांनी त्याचे तेज एकदम कोसळले, कारण कवचात धूळ धरली होती. एरवी लाखो अंशांच्या या कारभारात रेणू टिकावेत तरी कसे? पुढे २०१२ साली भुजंगधारीतच आढळलेल्या दुसऱ्या एका नवताऱ्यात क्योटोच्या कोयामा वेधशाळेच्या मंडळींना सायनोजेनच्या जोडीने स्वॉनचे पट्टेही सापडले, नवताऱ्यात प्रथमच. ते ओळखणाऱ्यांत हिदेयो कावाकिता होते, ज्यांची हयात धूमकेतूंचे वर्णपट वाचण्यात गेली आहे. ओळखीचा चेहरा परमुलखात दिसावा तसे त्यांना झाले असेल.

आता गिरवलीकडे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली तेथे कार्यान्वित झाली, आणि मंद तेजाच्या ज्योतींचा वर्णपट घेणारे उपकरण हा तिचा मुख्य आधार. नवतारे सर्वाधिक आढळतात ते आकाशगंगेच्या मध्याकडे, वृश्चिक आणि धनू राशींत. या अक्षांशावर त्या राशी मध्यमंडलावर असतानाही दक्षिण क्षितिजापासून फार उंच येत नाहीत. आणि गिरवलीच्या दक्षिण-आग्नेयेस चाकण आहे, त्यापुढे पिंपरी-चिंचवड. १९५४ साली पिंपरीस अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तेव्हापासून या पट्ट्यात जो उजेड साचत आला, तो नेमका त्या दिशेच्या आकाशावर चढलेला असतो. सोडियमचे जुने पिवळे दिवे होते तोवर त्यांचा बराचसा प्रकाश पिवळ्या-नारिंगी भागात एकवटलेला असे आणि निळा-जांभळा भाग पुष्कळसा मोकळा राही. पांढरे एलईडी ४५० नॅनोमीटरच्या निळ्या शिखरापासून थेट तांबड्यापर्यंत पसरतात. स्वॉनचे पट्टे त्यात सापडतात, त्यांना बाजूने वाट नाही. चिंचवडच्या सायन्स पार्कशेजारी महापालिकेने तारांगण उभारले हे उत्तमच केले. मात्र त्या घुमटातल्या आकाशगंगेची पहिली ओळख झालेल्या मुलाला बाहेर आल्यावर ती दाखवण्याची सोय याच महापालिकेच्या हद्दीत राहिलेली नाही.

खोडदच्या बाबतीत शासनाने दूरदृष्टी दाखवली. तेथून ३० किलोमीटरच्या परिसरात उद्योग काढायचा तर दुर्बिणीच्या व्यवस्थापनाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि पुणे-नाशिक वेगवान लोहमार्गाच्या आखणीचाही तिच्यापायी फेरविचार करावा लागला. उजेडाच्या बंदोबस्ताचीही उदाहरणे देशात आहेत: लडाखातील हानले येथे २०२२ पासून अंधाराचे राखीव क्षेत्र आहे, आणि नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ च्या आरंभी तसा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. चाकणचे कारखाने बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आवारातील दिव्यांना वरून टोपी घालणे, त्यांचा रंग पिवळसर ठेवणे आणि गाड्यांच्या रिकाम्या तळांवरचे झोत मध्यरात्रीनंतर मालवणे, एवढ्याने विजेच्या देयकातही बचत होते; आणि ज्या कारखान्यांत एका चकतीची नोंद चुकली तर सारी हीट बाजूला काढतात, त्यांच्या व्यवस्थापकांना उजेड आणि नोंद यांचे नाते समजावून सांगण्याची गरज पडू नये.

पावसाळ्याचे चार महिने गिरवलीचे काम थांबते, आणि धनू रास रात्रीच्या पूर्वार्धात मध्यमंडलाशी असण्याचे दिवस नेमके तेच. त्या काळात त्या राशीत उजळलेला नवतारा दुर्बिणीच्या वाट्याला येतो तो दिवाळीच्या आगेमागे, तेजाचा भर ओसरून गेल्यावर. सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत, नैऋत्येकडे कललेल्या आकाशात, त्याच्या वर्णपटातली प्राणवायूची रेषा मोजून घ्यावी लागते.